उधारीत गेलेली शेती, रोखीवर उभा राहिलेला ‘ट्रिब्यून’ : हॉरेस ग्रीलीचे प्रकरण

१० एप्रिल १८४१, शनिवार. न्यूयॉर्क शहरात सकाळपासून बर्फमिश्रित पाऊस पडत होता. सहा दिवसांपूर्वी वारलेले राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांची शोकयात्रा त्याच दिवशी शहरातून निघायची होती. अशा दिवशी तीस वर्षांच्या हॉरेस ग्रीलीने ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चा पहिला अंक काढला. प्रती छापल्या ५,०००. आधी नोंदवलेले वर्गणीदार ५०० च्या घरात. उरलेल्या प्रती फुकट द्यायच्या म्हटल्या तरी घेणारे मिळेनात. पहिल्या आठवड्याचा खर्च आला सुमारे ५२५ डॉलर आणि जमा झाले ९२. भांडवलात एका मित्राकडून उसने घेतलेले १,००० डॉलर होते. आठवड्याला ४३३ डॉलरची तूट धरली, तर ते उसने पैसे अडीच आठवडेही पुरले नसते.

तरीही सात आठवड्यांत खप ११,००० वर गेला, आणि पुढच्या वीस वर्षांत याच कार्यालयातून निघणारे साप्ताहिक दोन लाखांच्या आसपास घरांत जाऊ लागले. त्यातली बहुतेक घरे शेतकऱ्यांची होती. हे कसे जमले याचे उत्तर एप्रिल १८४१ मध्ये सापडत नाही. त्यासाठी एकवीस वर्षे मागे, न्यू हॅम्पशायरमधल्या एका दगडधोंड्यांच्या शेतावर जावे लागते. ग्रीलीच्या धंद्याचा प्रत्येक मोठा निर्णय उधारीशी बांधलेला आहे, आणि उधारी म्हणजे काय हे त्याने पहिल्यांदा तिथे पाहिले.

शेत

ग्रीलीचा जन्म ३ फेब्रुवारी १८११ चा, न्यू हॅम्पशायरमधल्या अ‍ॅम्हर्स्ट गावाजवळचा. वडील झकियस, आई मेरी. न्यू इंग्लंडच्या त्या भागात दर हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते आणि खालचे दगड वर ढकलते. म्हणजे गेल्या वर्षी वेचलेल्या शेतात यंदा पुन्हा दगड. पोरासोरांना कायमचे काम तेच: दगड वेचून बांधावर रचायचे. पाच-सहा वर्षांचे पोर नांगराच्या घोड्यावर बसवायचे, म्हणजे बाप नांगर धरायला मोकळा. हॉरेसने दोन्ही कामे केली.

आई चरख्यावर सूत कातताना मांडीवर पुस्तक ठेवी आणि पोराला वाचायला शिकवी. पोर कधी समोर, कधी बाजूला. त्यामुळे त्याला अक्षरे उलटी, आडवी, कुठल्याही बाजूने वाचता येऊ लागली. त्याच्या चरित्रकारांनी ही गोष्ट कौतुकाने सांगितली आहे. आम्हाला ती महत्त्वाची वाटते ती वेगळ्या कारणाने. छपाईचे खिळे जुळवणारा माणूस हातातल्या स्टिकमधली, म्हणजे खिळे ओळीत रचायच्या छोट्या पट्टीतली, ओळ नेमकी तशीच, डोक्यावर उभी असलेली, डावीकडून उजवीकडे वाचतो. नव्या शिकाऊ पोराचे पहिले काही महिने बी-डी आणि पी-क्यू यांच्या घोळात जातात. या पोराचे ते शिक्षण चरख्याशेजारी होऊन गेले होते.

झकियसने जमीन कर्जावर घेतली होती, वर दुसऱ्यांच्या हुंड्यांना जामीन राहण्याची सवय. १८१५ नंतर शेतमालाचे भाव उतरले, १८१९ साली देशभर मंदी आली. भाव वाढलेले असताना काढलेले कर्ज पडत्या भावाच्या पिकातून फेडायचे, म्हणजे तेवढ्याच डॉलरसाठी दुप्पट धान्य विकायचे. ऑगस्ट १८२० मध्ये सरकारी अंमलदार आणि सावकार दारात उभे राहिले. कर्जासाठी तुरुंगात टाकण्याचा कायदा तेव्हा जिवंत होता, म्हणून बाप रानातून निसटला आणि पुढे राज्याची हद्द ओलांडून गेला. नऊ वर्षांच्या हॉरेसने घरातल्या वस्तूंची जप्ती पाहिली. जमीन गेली. सातबाऱ्यावर बोजा चढलेल्या घरात वाढलेल्या वाचकाला हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही.

जानेवारी १८२१ मध्ये सारे कुटुंब बर्फावरच्या घसरगाडीने व्हरमाँटमधल्या वेस्टहेवनला पोहोचले. आता स्वतःची जमीन नव्हती. बापाने दुसऱ्याचे पन्नास एकर जंगल साफ करण्याचे काम घेतले: एकरी सात डॉलर, शिवाय निघालेल्या लाकडात वाटा. ओंडके बापाने तोडायचे, झुडपे पोरांनी कापायची, ढीग रचून जाळायचे. एकदा जाळून भागत नाही. ओले लाकूड अर्धवट जळते, मग काळी ठुणके पुन्हा गोळा करून दुसरा ढीग, पुन्हा आग. पन्नास एकरांचे हिशेबी उत्पन्न ३५० डॉलर, आणि त्यासाठी अख्ख्या घराची दोन वर्षांची मेहनत.

१८२६ मध्ये बापाने पेनसिल्व्हेनियाच्या ईरी परगण्यात, न्यूयॉर्क राज्याच्या हद्दीलगत, जंगलातली जमीन घेतली. लाकडी ओंडक्यांचे घर, भोवती झाडे, आणि आयुष्यात दुसऱ्यांदा शून्यातून शेत. पोरगा मात्र त्या जंगलात गेला नाही. तो छापखान्यात गेला.

छापखान्यातला पोर

व्हरमाँटच्या ईस्ट पौल्टनी गावात ‘नॉर्दर्न स्पेक्टेटर’ हे साप्ताहिक निघे. तिथे एप्रिल १८२६ मध्ये पंधरा वर्षांचा ग्रीली शिकाऊ म्हणून लागला. करार असा: वीस वर्षांचा होईपर्यंत राहायचे, पहिले सहा महिने फक्त जेवणखाण, नंतर जेवणखाण आणि कपड्यांसाठी वर्षाला ४० डॉलर. या चाळीसातलेही बरेचसे तो बापाला पाठवी.

इथले यंत्र होते दोन ओढींचे लाकडी रॅमेज. हा तपशील पुढच्या हिशेबाला लागतो, म्हणून जरा थांबून पाहू. लोखंडी यंत्रात दाब देणारा पाटा मोठा असतो. पूर्ण पान एका ओढीत उठते. जुन्या लाकडी यंत्रात दाब कमी, म्हणून पाटा लहान, पानाच्या निम्म्याएवढा. दांडा एकदा ओढायचा, अर्धे पान उठते. फर्मा, म्हणजे पानाचे बांधलेले खिळे, आत सरकवायचा, पुन्हा दांडा ओढायचा, उरलेले अर्धे उठते. म्हणजे ५०० प्रतींच्या अंकाला एका बाजूसाठी १,००० ओढी आणि दोन्ही बाजूंसाठी २,०००. कागद आधी भिजवून ठेवावा लागतो, नाहीतर खिळ्यांचा ठसा नीट बसत नाही. फार भिजला तर शाई फुटते. पंधरा वर्षांच्या पोराच्या हाताला फोड आणि पाठीला उसण. ते काम आपल्या ताकदीपलीकडचे होते, असे ग्रीलीने पुढे आठवणींत लिहिले.

पण गावच्या साप्ताहिकात शिकण्याचा एक फायदा मोठ्या छापखान्यात मिळत नाही: तिथे सगळेच करावे लागते. शहरातून आलेल्या वर्तमानपत्रांतून मजकूर निवडायचा, कापायचा, जुळवायचा. गावच्या बातम्या स्टिकमध्ये थेट, कागदावर न लिहिता, रचायच्या. वर्गणीची वही पाहायची. वहीवरून त्याला रोग दिसला असणार. गावातले वर्गणीदार पैशाऐवजी लाकूड, मका, लोकर आणून देत, तेही आठवण केल्यावर. कागदवाला आणि शाईवाला मात्र रोकड मागे. जून १८३० मध्ये ‘स्पेक्टेटर’ बंद पडले.

मग ईरी. ‘ईरी गॅझेट’मध्ये महिना १५ डॉलरवर काम आणि मिळालेल्या पैशांतले बहुतेक पुन्हा बापाच्या शेतात. ऑगस्ट १८३१ मध्ये ग्रीली न्यूयॉर्क शहरात उतरला तेव्हा खिशात १० डॉलर होते. जेवणाखाणासह खोलीचे भाडे आठवड्याला अडीच डॉलर. गावंढळ कपडे पाहून छापखान्यांनी दारातून परत पाठवले. शेवटी मिळालेले काम इतरांनी टाकून दिलेले होते: खिशात मावेल एवढा ‘नवा करार’, अगदी बारीक अ‍ॅगेट खिळा, दोन रकाने, मध्ये संदर्भांची पट्टी, ओळीओळीत वर चढवलेली टीपचिन्हे. जुळाऱ्याला पैसे रचलेल्या मजकुरावर मिळतात, वेळेवर मिळत नाहीत. म्हणून असल्या कामात दिवसभर राबून हातात चिल्लर पडते. ग्रीली टिकला, कारण त्याला सोडून जाण्यासारखे दुसरे काही नव्हते.

पहिले अपयश : तीन आठवडे

१ जानेवारी १८३३ रोजी ग्रीली आणि त्याचा भागीदार फ्रान्सिस स्टोरी यांनी ‘मॉर्निंग पोस्ट’ हे दैनिक छापायला घेतले. कल्पना एका तरुण डॉक्टरची, एच. डी. शेपर्ड यांची: दैनिक रस्त्यावर एका सेंटला विकायचे. तोवर दैनिके सहा सेंटना, वर्षाच्या वर्गणीने, मुख्यतः व्यापाऱ्यांच्या पेढ्यांत जात. ग्रीली-स्टोरींजवळ २०० डॉलरसुद्धा नव्हते. खिळे ओतणारे जॉर्ज ब्रूस यांनी ४० डॉलरचे खिळे उधार दिले.

यात काय चुकले ते सरळ आहे. एक सेंटला खर्च निघणार नाही अशी भीती छापणाऱ्यांना वाटली आणि त्यांनी किंमत दोन सेंट ठेवली. तिथेच कल्पनेचा गळा दाबला गेला, कारण दोन सेंट देणारा माणूस ठरलेले जुने पत्रच घेत होता, आणि ज्याच्याजवळ एकच सेंट होता तो गिऱ्हाईक झालाच नाही. त्यात पहिल्याच दिवशी तुफान बर्फ पडले. रस्त्यावर विकायचे पत्र आणि रस्त्यावर माणूस नाही. शेवटचे दोन दिवस किंमत एक सेंट केली, तोवर उशीर झाला होता. तीन आठवड्यांत खेळ संपला. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला बेंजामिन डे यांनी ‘सन’ एक सेंटला काढले आणि ते चालले.

‘सन’ची विक्रीची रीत नोंदवून ठेवण्यासारखी आहे. अंक विकणाऱ्या पोराला १०० प्रती रोखीने ६७ सेंटना, उधारीने ७५ सेंटना. उधार हवे तर आठ सेंट जास्त. म्हणजे न विकलेल्या मालाची जोखीम पोरावर, वसुलीचा त्रास मालकाला नाही. ग्रीलीने हे पाहिले, पण धडा घ्यायला त्याला आणखी आठ वर्षे लागली.

दुसरे अपयश : सात वर्षांचे आणि जास्त महागाचे

२२ मार्च १८३४ रोजी त्याने ‘न्यू-यॉर्कर’ हे साहित्य-राजकारणाचे साप्ताहिक काढले. आजच्या त्याच नावाच्या मासिकाशी त्याचा संबंध नाही. सुरुवातीला डझनभरही वर्गणीदार नव्हते. वाढत ते ९,००० पर्यंत गेले. मजकूर चोख, निवडणुकांचे आकडे इतके काटेकोर की विरोधी पक्षाचे लोकही ते ताडून पाहायला घेत. आणि तरीही दर आठवड्याला तोटा.

वर्गणी वर्षाची आणि देशभर उधारीवर होती. अंक टपालाने पुढे जाई, पैसे मागून यायचे. १८३७ च्या मंदीत बँकांनी नोटांवर सोने-चांदी देणे थांबवले. दूरच्या राज्यांतला वर्गणीदार जी नोट पाठवी ती न्यूयॉर्कमध्ये पडत्या भावाने वटे, आणि बहुतेक काही पाठवतच नसत. एका वर्गणीदारामागे थकलेली रक्कम एक ते दहा डॉलर. एवढ्यासाठी शेकडो मैलांवर माणूस पाठवता येत नाही, कज्जाही करता येत नाही. अंक बंद करावा तर खप घटतो आणि जाहिरातदार जातो, म्हणून अंक चालूच राहतो. कागद, खिळे, मजुरी मात्र आठवड्याला रोख. ग्रीलीचा ताळेबंद वहीत नफ्याचा आणि खिशात दिवाळ्याचा होता. १८४१ मध्ये ‘न्यू-यॉर्कर’ बंद झाले तेव्हा वर्गणीदारांकडून येणे सुमारे १०,००० डॉलर होते. ते कधीच वसूल झाले नाही.

एकोणिसाव्या शतकातले मराठी पत्रकर्ते हे दुखणे चांगले ओळखत. ‘आगाऊ’ आणि ‘मागाहून’ असे वर्गणीचे दोन दर आपल्याकडच्या पत्रांवर छापले जात ते याच अनुभवाने, आणि मागाहूनवाल्यांपैकी किती जण देत हे संपादकांनी आपल्याच अंकांत कळवळून लिहिले आहे.

ग्रीलीच्या बाबतीत या आकड्यामागे आणखी एक गोष्ट उभी होती. त्याचा बाप दुसऱ्यांच्या हुंड्यांना जामीन राहून बुडाला; तो दुसऱ्यांच्या वर्गणीवर विसंबून बुडत होता. ‘न्यू-यॉर्कर’च्या वर्षांत दर महिन्याच्या अखेरीस कर्जाच्या वचनचिठ्ठ्या फेडण्यासाठी मित्रांच्या दारात उभे राहणे त्याला कर्ज न घेता उपाशी राहण्याहून वाईट वाटे. कर्जाबद्दल त्याने पुढे जे लिहिले, त्यात अ‍ॅम्हर्स्टचे अंगण आणि हे कार्यालय दोन्ही आहेत.

ओंडक्यांचे घर, छापील

मधल्या काळात राजकारणाने त्याला पैसे आणि सराव दिला. थर्लो वीड आणि विल्यम सीवर्ड या न्यूयॉर्कमधल्या व्हिग पक्षाच्या नेत्यांसाठी त्याने १८३८-३९ मध्ये ‘जेफरसोनियन’ हे साप्ताहिक चालवले: वर्षाला १,००० डॉलर पगार, वर्गणी वर्षाला ५० सेंट, खप १५,०००. मग १८४० ची निवडणूक. हॅरिसन ओंडक्यांच्या घरात राहणारा साधा माणूस आहे, असा व्हिगांचा प्रचार होता. २ मे १८४० रोजी ग्रीलीने ‘लॉग केबिन’ नावाचे प्रचारपत्र काढले. पहिल्या अंकाची छपाई वाढवत वाढवत ४८,००० वर गेली. पुढे खप ८०,००० च्या वर. हॅरिसनचे ते घर प्रचारातले होते. ग्रीलीचे आई-बाप ईरीच्या रानात खरोखरच्या ओंडक्यांच्या घरात राहत होते, आणि खेड्यातल्या वाचकाशी कुठल्या सुरात बोलायचे हे त्याला कुणी शिकवावे लागले नाही.

‘लॉग केबिन’ने दोन गोष्टी दाखवल्या. सहा महिन्यांची वर्गणी ५० सेंट, पण आधी. तेवढ्याने खेड्यापाड्यांतून पैसे येतात. आणि खप एका मर्यादेपलीकडे गेला की अडचण वाचकांची राहत नाही, यंत्राची होते.

ट्रिब्यूनचा हिशेब

आता पहिल्या आठवड्याकडे परत येऊ. एक सेंटचा अंक, पोरांना ‘सन’च्याच दराने, म्हणजे शंभराला ६७ सेंट, असे धरून चाला. दिवसाला ५,००० प्रती खपल्या तर सहा दिवसांत ३०,००० प्रती, जमा सुमारे २०० डॉलर. ११,००० प्रती खपल्या तरी ४४२ डॉलर. खर्च ५२५, आणि खपाबरोबर कागद वाढतो म्हणून तोही चढता. याचा अर्थ एक सेंटच्या दराने केवळ खपावर हे पत्र कधीच पोट भरू शकत नव्हते. फरक जाहिरातीने भरायचा, आणि जाहिरातदार खप बघून येतो. म्हणून पहिले काही आठवडे जिवावरचे होते.

त्या आठवड्यांत मदत केली ती शत्रूने. ‘सन’च्या लोकांनी अंक वाटणाऱ्यांना फोडण्याचा प्रयत्न केला, ‘ट्रिब्यून’ घेणाऱ्या पोरांना मारहाण झाली. भांडणाची चर्चा शहरभर पसरली आणि लोक मुद्दाम ‘ट्रिब्यून’ मागू लागले.

जुलै १८४१ च्या अखेरीस थॉमस मॅकएल्राथ २,००० डॉलर घेऊन निम्म्याचा भागीदार झाला. हा निर्णय आमच्या मते किमतीइतकाच मोलाचा. मॅकएल्राथने संपादकीय खोलीत लुडबूड केली नाही आणि ग्रीलीने हिशेबाच्या खोलीत. ग्रीलीला दारात आलेल्या कुठल्याही गरजूला नाही म्हणता येत नसे. तिजोरीची किल्ली अशा माणसाच्या हाती राहिली असती तर ‘ट्रिब्यून’ दुसरे ‘न्यू-यॉर्कर’ झाले असते. १८४२ मध्ये, पत्राला वर्ष झाल्यावर, किंमत दोन सेंट केली. ‘मॉर्निंग पोस्ट’ दोन सेंटने मेले आणि ‘ट्रिब्यून’ दोन सेंटने जगले. फरक एवढाच की यावेळी वाचकाला सवय आधी लागली आणि दर नंतर वाढला.

लिहिणाऱ्यांवर खर्च करताना हात आखडता नव्हता. हेन्री रेमंड आठवड्याला आठ डॉलरवर मदतनीस म्हणून लागला. त्याच रेमंडने १८५१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ काढला. मार्गारेट फुलर, बेयार्ड टेलर, चार्ल्स डेना अशी माणसे आली. डेनाच्या वेळी लंडनहून कार्ल मार्क्स लिहू लागला. ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या राज्यकारभारावरचे त्याचे १८५३ चे प्रसिद्ध लेख याच पत्रातले. फेब्रुवारी १८४५ मध्ये इमारत जळून गेली, तरी दुसऱ्या सकाळी अंक निघाला.

साप्ताहिक : खरे पीक

सप्टेंबर १८४१ मध्ये सुरू झालेले ‘वीकली ट्रिब्यून’ हा या प्रकरणाचा गाभा. छपाईत सर्वांत महाग असते ती जुळणी. एक पान रचायला लागणारे तास प्रती शंभर काढा की लाख, तेवढेच. दैनिकासाठी रचलेले खिळे वितरित न करता, म्हणजे पुन्हा खिळ्यांच्या पेटीच्या खणांत न टाकता, गॅलीवर (लांबट तबकावर) बांधून ठेवले की त्याच मजकुरातून साप्ताहिकाची पाने लागतात. पुढे १८४५ पासून अर्धसाप्ताहिकही निघाले. एक जुळणी, तीन अंक. साप्ताहिकाला वाढीव खर्च फक्त कागद, शाई, छपाई आणि टपालाचा. अडचण खिळ्यांची: इतका मजकूर बांधून ठेवायचा तर जुळाऱ्यांना रोजच्या कामासाठी तेवढा जास्तीचा खिळा हवा, आणि तोच खिळा पुन्हा पुन्हा दाबाखाली गेल्याने लवकर झिजतो. याच ओढाताणीतून ‘ट्रिब्यून’ने १८६१ मध्ये खिळ्यांऐवजी त्यांच्या साच्यावरून ओतलेल्या वक्र पत्र्यांवर छापायला सुरुवात केली, अमेरिकेतल्या दैनिकांत हे पहिले. खिळे जुळवण्याचे काम यंत्राकडे देणारे लिनोटाइपही पहिल्यांदा इथेच, जुलै १८८६ मध्ये चालले, ग्रीली गेल्यानंतर.

वर्गणी एकट्याला वर्षाला दोन डॉलर. पण गावातल्या वीस जणांनी मिळून मागवले तर माणशी एकच डॉलर. पैसे आधी, मुदत संपली की अंक बंद. गटाच्या वर्गणीने वसुलीचे काम गावातल्याच एखाद्या हौशी वाचकावर गेले. तो शेजाऱ्यांकडून डॉलर गोळा करी, कारण विसावा माणूस मिळाल्याशिवाय त्याला स्वतःलाही स्वस्तात मिळत नसे. वीस डॉलर एका पाकिटात, एका पत्त्यावर वीस अंक. ‘न्यू-यॉर्कर’च्या वहीतली एक-एक डॉलरची थकबाकी इथे जन्मालाच येत नव्हती.

आणि अंकात शेतकऱ्याला काय मिळे? बाजारभाव, शेतकी मंडळाच्या चर्चा, सॉलन रॉबिन्सनसारख्या जाणकाराचे शेतीलेख, कविता, काँग्रेसमधली (अमेरिकेच्या संसदेतली) भाषणे, आणि गुलामगिरीविरुद्धचे ग्रीलीचे अग्रलेख. अंक हातोहात फिरे. पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांत आठवडाभर तोच वाचला जाई.

जमीन

त्या अग्रलेखांत एक विषय सतत होता: सरकारी जमीन कसणाऱ्याला फुकट द्या. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज हेन्री एव्हान्स आणि कामगार पुढारी ही मागणी करत होते. ग्रीलीने ती लाखो घरांत नेली. १८४८-४९ मध्ये तीन महिने तो काँग्रेसमध्ये होता, तेवढ्यात त्याने जमिनीच्या सट्ट्याला आळा घालणारे विधेयक मांडले. ते पुढे गेले नाही. १८६० मध्ये असाच एक कायदा राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी रोखला. शेवटी २० मे १८६२ रोजी लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली: १६० एकर, पाच वर्षे राहून कसायचे, किरकोळ फी भरायची, जमीन तुमची.

‘होमस्टेड’ या शब्दाची दुसरी बाजू मराठीत सहसा सांगितली जात नाही. राहते घर आणि त्याखालची जमीन सावकाराला जप्त करता येणार नाही, अशा संरक्षणालाही अमेरिकेत तेच नाव आहे. टेक्ससने १८३९ मध्ये असा कायदा केला, न्यूयॉर्कने १८५० मध्ये १,००० डॉलरपर्यंतच्या घराला संरक्षण दिले. ग्रीली या दोन्हींसाठी लिहीत होता. फुकट जमीन देऊन ती पुढल्याच मंदीत सावकाराकडे जाणार असेल तर काय उपयोग, हा त्याचा मुद्दा कुठून आला हे १८२० चा ऑगस्ट माहीत असलेल्याला विचारावे लागत नाही. १८६२ चा कायदा झाल्यावरही रेल्वे कंपन्यांना दिलेल्या प्रचंड जमिनी आणि सट्टेबाजांची घुसखोरी यांवर त्याने लिहिले, आणि ती टीका रास्त होती.

स्वतः त्याने १८५३ मध्ये न्यूयॉर्कजवळ चापाक्वा इथे शेत घेतले. निम्मा भाग दलदलीचा. पाणी काढण्यासाठी चर, भाजलेल्या मातीच्या नळ्या, टेकडीवर सदाहरित झाडे, १८५६ मध्ये काँक्रीटचे कोठार. तेव्हा काँक्रीटने बांधणे अमेरिकेत नवलाचे होते. शनिवारी तो कुऱ्हाड घेऊन तिथे झाडे छाटी. या शेताने कधी पैसे दिले नाहीत.

त्याच्या पत्राचे शेतीसंपादक नेथन मीकर यांनी डिसेंबर १८६९ मध्ये ‘ट्रिब्यून’मधूनच आवाहन करून कोलोरॅडोत वसाहत उभी केली, तिथल्या गावाचे नाव ग्रीली. माणशी १५५ डॉलर भरून लोक गेले. तिथे पाऊस इतका कमी की कालव्याशिवाय शेती अशक्य, आणि ओल्या पूर्वेतून गेलेल्यांना कालव्याचा अंदाज नव्हता. खर्च ठरवल्याच्या कितीतरी पट गेला. पण पाणी आले, आणि ते शहर आजही आहे.

शंभरातले सहा

१८४९ मध्ये ‘ट्रिब्यून’ची मालकी १,००० डॉलरच्या १०० भागांत वाटली गेली, जेणेकरून संपादक, विभागप्रमुख, छापखान्यातले मुकादम यांनाही भाग घेता यावेत. ग्रीली स्वतः जुळारी. जानेवारी १८५० मध्ये न्यूयॉर्कच्या छापखाना कामगार संघटनेचा पहिला अध्यक्ष तोच झाला. कामगाराला मालकीत वाटा असावा असे तो लिहीत आला होता आणि त्याने ते केले.

पण त्याचे स्वतःचे भाग एकेक करून विकले गेले. वर्षानुवर्षे तो जो येईल त्याला उसने देत राहिला. कोट्यधीश कमोडोर व्हँडरबिल्टच्या मुलालाही त्याने हजारो डॉलर उसने दिले. शेताला पैसे लागत, घरच्या आजारपणांना लागत. धंद्यात उधारी मोडून काढणाऱ्या माणसाला खिशातली उधारी कधी मोडता आली नाही. मॅकएल्राथने जे कार्यालयात अडवले ते घरी अडवणारे कुणी नव्हते.

१८७२ मध्ये तो तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि वाईट रीतीने हरला. मतदानाच्या आठवडाभर आधी, ३० ऑक्टोबरला, पत्नी मेरी वारली. निवडणुकीनंतर कार्यालयात परत आल्यावर आपल्या पत्राचा ताबा त्याचे व्यवस्थापकीय संपादक व्हाइटलॉ रीड यांच्याकडे सरकला आहे हे त्याला कळले. मालकीच्या १०० भागांपैकी त्याच्या नावावर सहा उरले होते. २९ नोव्हेंबर १८७२ रोजी तो गेला.